एल्डरबेरीच्या लाकडाचं धनुष्य: वाळताना चिरा पडल्या, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मुक्काम जर्मनी, श्टुटगार्टजवळ. भाड्याने घेतलेल्या बागेच्या कुंपणात एल्डरबेरीचं जुनं झाड आहे. इथे त्याला होलुंडर म्हणतात. १ मार्च ते ३० सप्टेंबर कुंपणाची झाडं बुडापासून तोडायला कायद्याने बंदी असते, म्हणून फेब्रुवारीअखेर घाईघाईत एक सरळ खोड कापलं. शेजारच्या बागेतल्या आजी म्हणाल्या, होलुंडरसमोर आधी टोपी काढायची असते. मी नाही काढली. भोगतोय.

खोड ९ सेंमी जाडीचं, १ मीटर ९० लांब. पाचरी ठोकून उभं दोन फाकांत चिरलं. एका फाकेची साल हौसेने लगेच सोलली आणि ती खोलीत हीटरशेजारी ठेवली. आठ दिवसांत पाठीवर, म्हणजे सालीकडच्या बाजूवर, पाच-सहा उभ्या चिरा! दुसरी फाक सालीसकट, टोकांना डिंक फासून तळघरात आहे. ती अजून शाबूत.

माझं गाव नंदुरबारकडचं. तिथला भिल्लांचा कामठा बांबूचा, दोरीसुद्धा बांबूच्या कामटीची. लहानपणी एक-दोन केलेत, पण ते ज्ञान इथे कामाला येत नाही. बांबू पोकळ, आणि याच्या मधोमध पांढरी मऊ भेंड.

तर, चिरा पडलेली फाक चुलीत घालू का? भेंडीचं काय करायचं? (भाजीची नव्हे.) आणि पाती (मुठीच्या वरचा-खालचा वाकणारा भाग) रुंद-चपटी ठेवू की अरुंद-जाड? ओढ, म्हणजे धनुष्य पूर्ण ताणायला लागणारा जोर, साधारण ३५ पौंडांची हवी आहे.

प्रतिसाद १

चुलीत घालू नका. चीर कुठे जाते ते बघा. रेषांबरोबर सरळ टोकाकडे जात असेल तर पातळ सुपरग्लू सोडा, तशा चिरेने फारसं बिघडत नाही. तिरपी होऊन कडेबाहेर निघत असेल तर मात्र ओढताना तिथूनच मोडेल, आणि तुकडा तोंडावर येईल.

भेंडीची काळजी सोडा. सालीखालचा पृष्ठभाग म्हणजे धनुष्याची पाठ. तिला कानससुद्धा लावायची नाही. तासायचं ते पोटाकडून, म्हणजे भेंडीच्या बाजूने. अर्धी फाक साडेचार सेंमी जाड, पाती होणार जेमतेम दोन सेंमी. भेंड आपोआप निघून जाईल. मुठीपाशी थोडी उरेल, तिथे धनुष्य वाकतच नाही.

प्रतिसाद २

जुन्या खोडाचं एल्डरबेरीचं लाकूड चांगलं कठीण असतं, कोवळ्या फांद्यांवरून त्याची पारख करू नका. पहिलंच आहे तर पाती रुंद-चपटी ठेवा, ४ ते साडेचार सेंमी. चुका पोटात घालते.

दुसरी फाक आत्ताच ओबडधोबड तासून घ्या. पातळ लाकूड सारखं वाळतं, जाड लाकूड बाहेरून आक्रसतं आणि आतून ओलं राहतं, म्हणून तडकतं. पाठीची साल राहू द्या. सरळ फळीला बांधून थंड जागी ठेवा. दर आठवड्याला वजन करा. ते उतरायचं थांबलं की मग घरात आणा. टिलरिंगची (थोडं तासून, थोडं वाकवून पाती सारख्या करण्याची) घाई नको: दोन्ही पाती सारख्या वाकेपर्यंत दोरी इंचाइंचानेच जास्त ओढायची. आणि तासताना मास्क लावा, या झाडाची साल-पानं विषारी असतात.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. पाच चिरा सरळ आहेत, एक कडेबाहेर जाते. पण ती टोकापासून १५ सेंमीवर आहे, म्हणजे तेवढं कापून आखूड धनुष्य निघेल. मुलीसाठी करतो.

इटलीतल्या बोल्झानोच्या संग्रहालयात ओत्झीचं (आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचं) धनुष्य पाहिलं होतं. यू नावाच्या झाडाच्या लाकडाचं, १ मीटर ८२, तेही अर्धवटच तासलेलं. तेव्हापासून हे खूळ डोक्यात आहे.

दुसरी फाक काल तासली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आज १ किलो ९८० ग्रॅम. बायकोने काटा परत मागितलाय, पण दर रविवारी मिळेल असं ठरलंय.