दुभाषकांची संघटना म्हणजे धंदा? परळकरांच्या पोस्टला उत्तर

दोन_हात

परळकरांची कालची पोस्ट वाचून डोकं भणभणलं. तिथे दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळा धागा काढते. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी सांगते. मुंबई, ठाणे, पालघर, रायगडमधले आम्ही काही साइन लँग्वेज इंटरप्रिटर मिळून प्रादेशिक संघटना नोंदवायच्या तयारीला लागलोय. त्यावर परळकर लिहितात, ‘हे सेवेचं काम आहे, त्याचा धंदा करू नका. संघटना आली की दरपत्रक येणार आणि गरीब बधिर माणूस वाऱ्यावर पडणार.’

परळकर, आज तो कुठे आहे असं तुम्हाला वाटतं? रात्री दहाला फोन येतो, ‘उद्या सकाळी नऊला या, दिवसभराचा कार्यक्रम आहे, एकच माणूस पुरे.’ भाषणाची प्रत मागितली तर मिळत नाही. उभं करतात ते स्टेजच्या कडेला, पाठीमागे एलईडीचा भगभगीत पडदा. समोरच्या बधिरांना माझे हात दिसतच नाहीत, नुसती काळी आकृती दिसते. सलग वीस-तीस मिनिटं झाली की चुका वाढायला लागतात, म्हणून दोघांनी आलटून पालटून काम करायचं असतं. दुसरा तेव्हा ‘नुसता बसलेला’ नसतो. सुटलेली नावं, आकडे पहिल्याला पुरवत असतो. हे प्रत्येक आयोजकाला एकेकट्याने पहिल्यापासून समजावत बसायचं. शेवटी मानधनाच्या जागी शाल-श्रीफळ. आणि नाही म्हटलं तर चार दिवसांचा कोर्स केलेलं कुणीतरी आनंदाने जाऊन उभं राहतं.

2013 मध्ये मंडेलांच्या शोकसभेत काय झालं ते आठवा. राष्ट्रप्रमुख बोलतायत आणि शेजारी इंटरप्रिटर म्हणून उभा केलेला माणूस हात हलवतोय, ज्याला काही अर्थ नाही. तिथल्या बधिर संघटनांनी लगेच आवाज उठवला आणि जगाने दखल घेतली. आपल्या वॉर्डातल्या कार्यक्रमात हेच झालं तर तक्रार कुणाकडे करायची? आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्टर दिल्लीत, त्यात इंटरप्रिटरचा डिप्लोमा केलेल्यांची नावं. कोण कोर्टात उभं राहू शकतं, कोण ऑपरेशनआधी डॉक्टरांचं बोलणं नीट पोहोचवू शकतं, हे त्या नंबरावरून कळत नाही.

अमेरिकेत 1964 मध्ये इंडियाना राज्यातल्या एका शिक्षक महाविद्यालयात कार्यशाळेला जमलेल्या लोकांनी इंटरप्रिटरांची नोंदवही सुरू केली. आधी यादी, परीक्षा आली 1972 मध्ये. जागतिक संघटना 2003 मध्ये माँट्रियलला उभी राहिली, पहिली परिषद 2005 मध्ये दक्षिण आफ्रिकेत झाली. सगळीकडे सुरुवात अशीच झाली, एकेकटं लढून थकलेल्या लोकांनी केली. मुंबईतल्या रुग्णालयात मध्यरात्री माणूस लागला तर दिल्ली काय करणार?

परळकर

ताई, राग समजला, पण माझ्या प्रश्नाला तुम्ही उत्तर दिलेलं नाही. गिरणगावात मी बधिर कामगारांबरोबर बँकेत गेलोय, पोलीस चौकीत गेलोय, विम्याच्या दवाखान्यात रांगा लावल्यात. एक रुपया घेतला नाही. माझ्याबरोबर असे कितीतरी जण होते. शेजारी, धर्मगुरू, शाळेतले मास्तर. तुमच्या संघटनेने ‘नोंदणी नसलेल्याने काम करू नये’ म्हटलं की ही सगळी माणसं घरी बसणार. वॉचमनची नोकरी करणारा बधिर माणूस तुमचे दोन इंटरप्रिटर, तेही आलटून पालटून, कुठून आणणार? पैसे कोण देणार, एवढंच सांगा.

काळा कोट

पैसे कोण देणार याचं उत्तर बऱ्याच ठिकाणी कायद्यात आहे, ते कुणी मागत नाही एवढंच. 2012 च्या पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या कलम 38 मध्ये बालकाच्या जबाबासाठी दुभाषक आणि त्याची फी, दोन्ही आहे. 2020 च्या नियमांप्रमाणे जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दुभाषकांचं रजिस्टर ठेवायचं आहे. साक्षीदार बोलू शकत नसेल तर दुभाषक घ्यायचा आणि जबाबाचं चित्रीकरण करायचं, हे जुन्या पुराव्याच्या कायद्यात 2013 पासून कलम 119 मध्ये होतं, आता नव्या साक्ष्य अधिनियमात कलम 125 आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं न्याय मिळवण्याबद्दलचं कलम 12 आहेच. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सारा सनी या बधिर वकिलांनी इंटरप्रिटरमार्फत युक्तिवाद केला, नंतर न्यायालयाने स्वतः त्यांच्यासाठी इंटरप्रिटर नेमला. आता खालच्या कोर्टात या. तपास अधिकारी आयत्या वेळी शाळेला फोन लावतो आणि ज्या बाई येतात त्यांनाच दुभाषक करतो. उलटतपासणीत बचावाचे वकील पहिला प्रश्न विचारतात, ‘आपली पात्रता काय?’ तिथे केस ढिली पडते. संघटनेची यादी असेल तर न्यायाधीशांपुढे काहीतरी ठेवता येईल.

नोंदणीचं म्हणाल तर सात जण पुरतात. 1860 चा संस्था नोंदणी कायदा, आणि आपल्याकडे सोबत 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे वरळीला खेटे. दर वर्षी ऑडिट, कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज. अर्ध्या संस्था त्या बदल अर्जावरच आपसात भांडत बसतात.

आणि दोन_हात, बंधनकारक किमान दर ठरवायच्या फंदात पडू नका. सगळ्यांनी मिळून दर बांधणं 2002 च्या स्पर्धा कायद्याच्या कलम 3 मध्ये अडकू शकतं. कामाच्या अटी लिहा: जोडी, विश्रांती, गोपनीयता, प्रवासखर्च. आकडा ज्याचा त्याने लिहावा.

कुर्ल्याची

सगळे शिकलेले लोक बोलून झाले असतील तर मी बोलू? माझे आईवडील दोघेही बधिर. साइन माझी पहिली भाषा, मराठी नंतर आली. बारावी झाली नाही, म्हणून दोन वर्षांच्या डिप्लोमाला मला दार बंद. आता जी पोरं वांद्र्याच्या संस्थेतून डिप्लोमा घेऊन बाहेर पडतात ती माझ्या बाबांशी बोलायला लागली की बाबा माझ्याकडे बघतात, काय म्हणतोय हा? दिल्लीच्या साइन डिक्शनरीत 2021 पासून दहा हजार शब्द आहेत म्हणे. पण माझ्या बाबांच्या पिढीचं बोलणं त्या व्हिडिओंत नाही. मुंबईची जुनी माणसं, माझगावच्या बधिरांच्या शाळेतली, स्टेशनांवर आणि दिव्यांगांच्या डब्यात जमून बोलत आलेली, त्यांचं साइन वेगळं आहे. ते तुम्हाला कुठल्या कोर्सात शिकवतात?

मी चौथीत होते तेव्हा एका सरकारी रुग्णालयात डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, ‘आईला सांग, गर्भपिशवी काढायची आहे.’ मला गर्भपिशवी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. मी आईला पोटावर हात ठेवून कापायचं एवढंच सांगितलं. आईला वाटलं अपेंडिक्स. तिने कागदावर अंगठा उमटवला. खरं काय झालं ते तिला घरी आल्यावर काकूने लिहून दाखवलं. तेव्हा तुमचे नोंदणीकृत कुठे होते? आणि आता मला नोंदणीबाहेर ठेवणार?

दोन_हात

तुझ्या आईचं वाचून हात थरथरले. पण हेच तर मी म्हणतेय ना! चौथीतल्या मुलीला तिथे उभं करायलाच नको होतं. घरचं माणूस फुकट मिळतं म्हणून रुग्णालयं इंटरप्रिटर बोलवत नाहीत. परळकरांच्या सेवाभावाचं ओझं शेवटी लेकरांच्या अंगावर पडतं.

कुर्ल्याची

माझं दुःख तुमच्या मुद्द्याला जोडू नका. मी सभासद होणार की नाही, ते सांगा.

ठाणेकर बाबा

मला या चर्चेचं नवल वाटतं. माझा मुलगा जन्मतः बधिर. लहान वयातच कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, केलं, केंद्राच्या योजनेतून, जिचं काम वांद्र्याचीच संस्था बघते. सहा लाखांचं यंत्र मिळालं. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ आम्ही नवराबायकोने थेरपी केली. आज तो साध्या शाळेत जातो, पाढे म्हणतो. ही शक्ती आणि पैसा तिकडे लावा. पुढच्या पिढीला इंटरप्रिटर लागणारच नाहीत, मग संघटना कुणासाठी?

सेंट्रल लाइन

मी बधिर आहे, म्हणून उशिरा लिहितोय; इतकं मोठं मराठी वाचायला मला वेळ लागतो. ठाणेकर बाबा, ‘लागणारच नाहीत’ हे वाक्य आम्ही जन्मभर ऐकलं. 1880 मध्ये मिलानला ऐकू येणाऱ्या लोकांनी ठराव केला की बधिर मुलांना फक्त बोलून शिकवायचं. तो ठराव माझ्या शाळेतही पोहोचला होता. हात बाकाखाली ठेवायचे. वर आले तर पट्टी. बाई ‘प’ म्हणताना तोंडासमोर कागद धरायच्या, कागद हलला की शाबास. कागद हलवण्यात वर्षं गेली. इतिहास, विज्ञान काही शिकलो नाही. सुट्टीत संडासामागे जाऊन मोठ्या मुलांकडून साइन शिकलो, तिथे पहिल्यांदा कळलं की माझ्या डोक्यात एवढं बोलण्यासारखं आहे.

ठाणेकर बाबा

तुमच्यावर अन्याय झाला, नाकारत नाही. पण तो जुना काळ होता. माझ्या मुलाला ऐकू येतं. त्याला मी तुमच्या जगात का ढकलू?

सेंट्रल लाइन

‘तुमचं जग’ म्हणजे काय? मी याच मुंबईत कर भरतो. मशीनचा बाहेरचा भाग, प्रोसेसर, रात्री काढून ठेवता ना? पोहताना काढता? वॉरंटी संपल्यावर प्रोसेसर बिघडला की दुरुस्तीचा खर्च कोण देतो? त्या वेळी मुलगा तुमच्याशी कसा बोलतो? त्याला दोन्ही द्या. यंत्रही द्या, साइनही द्या. साइनने बोलणं बिघडतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?

ठाणेकर बाबा

थेरपिस्टने सांगितलं होतं, घरात हातवारे नकोत. आणि मी ते पाळलं, मुलाच्या भल्यासाठी पाळलं. इथे कुणी मला वाईट बाप ठरवणार असेल तर मी या धाग्यावर राहणार नाही.

कुर्ल्याची

वाईट बाप कुणी म्हटलं नाही. पण ‘हातवारे’ म्हणू नका. माझ्या आईबापाची भाषा आहे ती.

ठाणेकर बाबा

बरं. साइन. प्रोसेसर दुरुस्तीला गेला होता तेव्हा पोरगा चार दिवस खिडकीत बसून होता, कुणाशी काही नाही. तेवढ्यापुरतं साइन हवं होतं, इतकं मान्य करतो. इम्प्लांटबद्दलचं माझं मत तेच आहे.

परळकर

धागा कुठच्या कुठे गेला. काळा कोट यांनी सांगितलेलं सरकारी पैशाचं मला पटतं, नाइलाजाने का होईना. कोर्ट, पोलीस, सरकारी रुग्णालय इथे पैसे सरकारने द्यावेत आणि माणूस तयारीचा असावा. पण बारसं, लग्न, बँक, सोसायटीची मीटिंग इथे ओळखीचा माणूसच जाणार, आणि त्याला संघटनेने अडवायचं नाही. हे संघटनेच्या घटनेत लिहून द्या, मग मी विरोध सोडतो.

सेंट्रल लाइन

घटनेचा विषय निघाला तर माझं खरं भांडण तिथे आहे. दोन_हात यांच्या पोस्टमध्ये ‘आम्ही इंटरप्रिटर’ आहे. आम्ही बधिर कुठे आहोत? इंटरप्रिटर चांगला की वाईट हे आमच्याइतकं कुणाला कळतं? भाषण संपल्यावर ऐकणारे टाळ्या वाजवतात, म्हणतात किती सुंदर हात हलतात. आम्हाला निम्मं कळलेलं नसतं. बधिर इंटरप्रिटरही असतात. म्हातारा, कधी शाळेत न गेलेला बधिर माणूस असेल तर ऐकू येणारा इंटरप्रिटर आणि तो, मध्ये एक बधिर माणूस लागतो. त्यांना सभासदत्व आहे का?

दोन_हात

मसुद्यात बधिर व्यक्तींची सल्लागार समिती आहे. बधिर इंटरप्रिटरना पूर्ण सभासदत्व आहे.

सेंट्रल लाइन

सल्लागार नको. सल्ला आम्ही खूप दिला. मत हवं. तक्रार समितीत बधिरांचं बहुमत हवं.

काळा कोट

कायद्याची काही आडकाठी नाही. सभासदांचे वर्ग आणि समितीची रचना घटनेत लिहिली की झालं. आत्ताच लिहा. नोंदणीनंतर घटना बदलणं त्रासाचं असतं.

दोन_हात

तक्रार समितीत बहुमत: होय, ते मी मसुद्यात घालते. कार्यकारिणीबद्दल बाकीच्यांशी बोलावं लागेल, माझ्या एकटीच्या हातात नाही. परळकर, ओळखीच्या माणसाला अडवायचं नाही हे लिहू, पण रुग्णालयात संमतीच्या कागदावर आणि पोलीस जबाबात अल्पवयीन मूल दुभाषक नको, हेही त्याच कलमात येईल. कुर्ल्याची, कोडांसाठी, म्हणजे तुझ्यासारख्या बधिर आईबापांच्या ऐकणाऱ्या मुलांसाठी, डिप्लोमाची अट काढायला मी तयार आहे, पण बधिर परीक्षकांसमोर प्रत्यक्ष चाचणी सगळ्यांनाच द्यावी लागेल. डिप्लोमावाल्यांनाही.

कुर्ल्याची

परीक्षक मुंबईची जुनी माणसं असतील तर देईन. दिल्लीच्या व्हिडिओवरून गुण देणार असाल तर नाही.

सेंट्रल लाइन

आणि मसुदा मला पीडीएफमध्ये पाठवू नका. साइनमध्ये व्हिडिओ करा, बधिर माणसाकडून. तो आमच्या लोकांनी बघितल्यावर सभा घ्या. तोपर्यंत माझा पाठिंबा धरू नका.

दोन_हात

मग सभा पुढे ढकलावी लागेल. ढकलते. जागा दादरलाच बघतेय, दोन्ही लाइनच्या लोकांना जमेल अशी. परळकर, तुमच्या ओळखीत हॉल असेल तर कळवा. समोरून उजेड पडणारा हवा, खांब मध्ये नकोत आणि खुर्च्या गोलात मांडता आल्या पाहिजेत.

परळकर

शाळेचा एक हॉल आहे. खांब आहेत का ते उद्या जाऊन बघतो.