आर्तेमिसिया जेंतिलेस्कीने स्वतःला बाजूने कसे पाहिले असेल?

प्रश्न
आर्तेमिसिया जेंतिलेस्की या इटालियन चित्रकर्तीने १६३८-३९ च्या सुमारास, बहुधा लंडनमधील वास्तव्यात, चित्रकलेच्या रूपकाच्या, म्हणजे माणसाच्या रूपातल्या चित्रकलेच्या, वेशात स्वतःला रंगवले. आत्मचित्रातला चित्रकार सहसा आरशात, म्हणजे आपल्याकडे, पाहत असतो. इथे मात्र ती तिरकी झुकली आहे, उजवा हात वर गेला आहे आणि नजर चित्राबाहेर कुठेतरी लागली आहे. स्वतःला या बाजूने पाहणे तिला कसे जमले असेल? आणि हा चेहरा खरोखर तिचाच मानावा काय?

उत्तर १
दोन आरसे एकमेकांशी कोन करून ठेवले, तर स्वतःची बाजू दिसू शकते. एका आरशात उजवा हात डावा भासतो. दोन आरशांत ती उलटापालट सुटते आणि चित्रात कुंचला उजव्याच हातात आहे. अर्थात एवढ्यावरून आरसे सिद्ध होत नाहीत, कारण हात रंगवताना बदलताही येतो. शिवाय ज्या हाताने रंगवायचे तोच हात उंच धरून ठेवणे अशक्य असल्याने, ही मुद्रा तिने तुकड्यातुकड्यांनी, बरीचशी स्मरणातून जुळवली असावी, असे मला वाटते.

उत्तर २
आरशांपेक्षा चेझारे रीपाचा ‘इकोनोलोजिया’ हा, अमूर्त कल्पना माणसांच्या रूपात कशा दाखवाव्यात हे सांगणारा, ग्रंथ इथे अधिक उपयोगी पडेल. चित्रकलेची मूर्ती कशी असावी, हे त्यात सांगितले आहे: विस्कटलेले काळे केस, रंग पालटणारे वस्त्र, गळ्यात मुखवट्याचे पदक असलेली सोनसाखळी आणि तोंडावर बांधलेली पट्टी. आर्तेमिसियाने बाकीचे बहुतेक सारे घेतले. पट्टी तेवढी वगळली. पदकही शोभेपुरते नाही: ती पुढे झुकल्यामुळे ते छातीपासून सुटून लोंबते आहे. चित्रकलेचे रूपक स्त्रीचे असल्याने पुरुष चित्रकाराला त्या मूर्तीशेजारी फार तर उभे राहता आले असते. ती स्वतःच मूर्ती होऊ शकली. माझ्या मते चित्राचे खरे बळ यातच आहे.

उत्तर ३
दुसऱ्या प्रश्नाविषयी थोडेसे. आर्तेमिसियाचा जन्म १५९३ चा, म्हणजे तेव्हा ती पंचेचाळिशीत होती. चित्रातली स्त्री तरुण दिसते, म्हणून काही अभ्यासक हे आत्मचित्र मानत नाहीत. हा आक्षेप मला पुरेसा वाटत नाही, कारण रूपकात वय झाकणे त्या काळी वावगे नव्हते. चित्रावर तिची आद्याक्षरे आहेत. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या संग्रहातले हे चित्र १६४९ मधील त्याच्या शिरच्छेदानंतर विकले गेले आणि राजसत्ता परतल्यावर पुन्हा राजसंग्रहात आले. आजही ते तिथेच आहे. वयापेक्षा मला तिच्यामागचा तपकिरी भाग अधिक विचारात पाडतो: काहींच्या मते ती नुसती पार्श्वभूमी आहे, तर काहींच्या मते ती ज्यावर रंगवायला निघाली आहे तो कोरा कॅनव्हास.