आईवडिलांचे पैशाचे व्यवहार हाती घेताना : अनुभव आणि माहिती

आईची सही जुळेनाशी होते, वडील पिन विसरू लागतात, आणि मग घरात प्रश्न येतो की आता बँकेचं कोण बघणार. ज्यांनी ही कामं केली आहेत त्यांनी नेमकं लिहावं : कोणता कागद लागतो, कुठे अडतो आणि का.

निवृत्त बँक अधिकारी, सांगली
आधी पासबुक उघडून खातं कसं चालतं ते वाचा. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर दोघांपैकी कोणीही एक जण व्यवहार करू शकतो. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर पहिले खातेदार हयात असेपर्यंत दुसऱ्याला एक रुपयाही काढता येत नाही. नवराबायकोच्या खात्यांत हा दुसरा प्रकारही आढळतो आणि तो कळतो नेमका दवाखान्याचं बिल भरायच्या दिवशी. बदल करायचा तर दोघांच्या सह्यांचा अर्ज लागतो, म्हणून तो आजच द्या.

मुदत ठेवीत आणखी एक मेख आहे. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असली तरी मुदतीआधी मोडायला बँक साधारणपणे दोघांच्या सह्या मागते. त्यामुळे सगळे पैसे एकाच मोठ्या पावतीत अडकवू नका, लहान लहान पावत्या करा.

सही येत नाही पण समज शाबूत आहे, अशा वेळी कोर्टाची काही गरज नसते. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे हाताचा किंवा पायाचा अंगठा चालतो. बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो. शाखेत नवीन आलेल्या मंडळींना हे ठाऊक नसतं, तेव्हा थेट व्यवस्थापकांशी बोला. सत्तरीपुढच्या खातेदारांना घरपोच सेवा मिळावी, अशी सूचनाही 2017 पासून आहे.

आणि नॉमिनी म्हणजे अधिकार नव्हे. 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, पण खातेदार हयात असताना त्यांतल्या कोणालाही खात्याला हात लावता येत नाही.

वकील, पुणे
कुलमुखत्यारपत्राबद्दल (पॉवर ऑफ अटर्नी, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) सगळ्यात मोठा गैरसमज असा की ते 'आई काही ओळखेनाशी झाली तर' कामी येईल. भारतीय करार कायद्याचं कलम 201 पाहा : देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याची मानसिक क्षमता गेली, की मुखत्यारी संपते. परदेशात असतं तसं, क्षमता गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र आपल्याकडे नाही. 'विस्मरण झाल्यावरही लागू राहील' असं वाक्य घालून देणारे भेटतात, त्यावर विसंबू नका.

तरीही शरीर थकलेलं आणि डोकं ठिकाणावर आहे, अशा वर्षांसाठी ते फार उपयोगी आहे. 'सर्व व्यवहार' असं मोघम लिहू नका, कारण कोर्ट आणि बँका अधिकारांचा अर्थ काटेकोर लावतात. खाते क्रमांक, ठेव मोडणे, नूतनीकरण, लॉकर, भाडे वसुली, सोसायटी, आयकर हे सगळं वेगवेगळं लिहा. बऱ्याच बँकांचा स्वतःचा मसुदा असतो, तो आधी मागून घ्या. सहीच्याच दिवशी डॉक्टरांकडून 'समजून-उमजून सही करण्यास सक्षम' असा दाखला घ्या. त्याची सक्ती नाही, पण पुढे भावंडांत वाद झाला तर तोच कामी येतो. चालता येत नसेल तर दुय्यम निबंधकांना घरी येऊन नोंदणी करण्याची विनंती करता येते, कायद्यात तशी सोय आहे.

दुबईहून
आईवडील मुलाकडे परदेशात असतील तर मुखत्यारपत्रावरची सही भारतीय वाणिज्य दूतावासात प्रमाणित करून घ्यावी. कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही मुदत हुकते ती कागद कपाटात पडून राहतो म्हणून.

सीए, ठाणे
डीमॅट खात्यात नंतर सहधारक घालता येत नाही. आज एकट्याच्या नावावर आहे तर ते तसंच राहणार. म्हणून नवीन गुंतवणूक तरी जोडनावाने करा. म्युच्युअल फंडात मुखत्याराची नोंद होते, पण त्याचं केवायसी (ओळख पडताळणी) पूर्ण असावं लागतं, आणि नामनिर्देशन मुखत्याराला करता येत नाही. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सहखातेदार म्हणून फक्त पती किंवा पत्नीच चालते, मुलगा-मुलगी नाही. मानसिक क्षमता गेलेल्या व्यक्तीचं विवरणपत्र भरण्यासाठी आयकर पोर्टलवर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करता येते.

वकील, पुणे
क्षमता आधीच गेली असेल तर : 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती, 2017 च्या कायद्यात ती उरली नाही. काही ठरावीक अपंगत्वांसाठी पालक नेमण्याची सोय देणाऱ्या नॅशनल ट्रस्ट कायद्याच्या यादीत स्मृतिभ्रंश नाही. त्यामुळे उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या कलम 226 खाली पालक नेमण्यासाठी अर्ज करावा लागतो. सोबत वैद्यकीय कागद, मालमत्तेची पूर्ण यादी आणि सगळ्या वारसांची ना-हरकत शपथपत्रं जोडा. एक भाऊ जरी सहीला राहिला, तरी प्रकरण लांबतं. पालक नेमल्यावरही घर विकायला परवानगी आणि खर्चाचा हिशेब द्यावा लागू शकतो, तेव्हा पहिल्या दिवसापासून पावत्या जपा.

नाशिकहून
पेन्शनचं राहिलं. सरकारी पेन्शनसाठी हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, पण केंद्र सरकारच्या ऐंशी पार केलेल्या निवृत्तांना 1 ऑक्टोबरपासून देता येतो. अंगठ्याचे ठसे झिजले असतील तर मोबाइलवर चेहरा ओळखून होतो, किंवा पोस्टमन घरी येऊन करून देतात.