मजल, टप्पा, घटका: हे शब्द अंतराचे की वेळेचे?

जुनेकागद: पेशवेकालीन पत्रांचे आजच्या मराठीत रूपांतर चालू आहे. 'मजल दरमजल', 'डाकेचा टप्पा', 'चार घटका दिवस आल्यावर कूच' अशी मापे पानोपानी येतात. कंसात किलोमीटर आणि तास द्यावेत, असा संपादकांचा आग्रह आहे. एका मजलीचे किती किलोमीटर धरायचे? आणि एसटीच्या भाड्यातला टप्पा तो हाच का?

वाटसरू: मजलीला आकडा देऊ नका. मजल म्हणजे एका दिवसाची चाल, आणि ती कोण चालतो यावर ठरते. जासूद (पत्रे पोचवणारा), घोडेस्वार, बैलांवर सामान लादलेला तांडा, तोफखान्यासह निघालेली फौज, या चौघांच्या मजली वेगळ्या. घाट लागला, नदीला उतार मिळाला नाही, पुढच्या मुक्कामी पाणी-वैरण नसली, की तीच मजल आखडते. त्यामुळे 'एक मजल (सुमारे २५ किमी)' असे छापले की फौजेला घोडेस्वाराचा वेग चिकटतो आणि पुढच्या तारखा जुळेनाशा होतात. 'एका दिवसाची वाट' एवढे पुरे. कोसाला मात्र आकडा चालेल, साधारण सव्वातीन किलोमीटर. तोही प्रांतागणिक बदलतो, म्हणून 'सुमारे' हवेच.

शब्द अरबी 'मंझिल'वरून आला. इमारतीचा मजला त्याच घरातला.

फाटा: टप्प्याचे तसे नाही. जिथे डाकेचा माणूस किंवा घोडा बदलतो ते ठिकाण म्हणजे टप्पा, आणि दोन बदलांमधले अंतरही टप्पाच. मजल एका देहाच्या दमावर बेतलेली, तर टप्प्यात दम माणसाचा सरतो, थैली पुढे जातच राहते. म्हणून टप्प्याची डाक एका दिवसात अनेक मजली ओलांडते. मजकुरात दोन्ही शब्द आले तर एकाच्या जागी दुसरा घालू नये.

एसटीने शब्द तोच ठेवला, पण त्याला पक्के माप दिले: १ टप्पा = ६ किमी. अपुरा टप्पा पुरा धरतात, म्हणजे २६ किमीला ५ टप्प्यांचे भाडे. त्यात ना घोडा बदलतो ना चालक. परवान्यांच्या भाषेतही 'टप्पा वाहतूक' आहेच: वाटेत प्रवासी चढवण्या-उतरवण्याची मुभा असलेली. 'कंत्राटी वाहतुकी'ला ती नसते.

पळविपळ: आता घटका. १ घटका = ६० पळे = २४ मिनिटे, साडेसात घटकांचा एक प्रहर. गुणाकार सगळ्यांना जमतो, चूक होते ती आरंभाची. घटका मध्यरात्रीपासून नव्हे, सूर्योदयापासून मोजतात. 'चार घटका दिवस' म्हणजे सूर्योदयानंतर ९६ मिनिटे. सूर्योदय ६:४० ला असेल, तर ८:१६. पण हा सूर्योदय त्या गावचा आणि त्या तारखेचा हवा. मुंबईच्या पंचांगातला घेऊन नागपूरचा प्रसंग मांडलात, तर केवळ रेखांशामुळे सुमारे २५ मिनिटांचा घोळ होतो (एका अंशाला ४ मिनिटे).

शिवाय घटका मोजायचे घटिकापात्र (पाण्यावर सोडलेले, तळाला भोक असलेले भांडे; ते बुडाले की घटका भरली) अचूक असेलच असे नाही. भोकात गाळ किंवा क्षार साचला की भांडे सावकाश बुडते, आणि घटका लांबते. मिनिटापर्यंतचा आकडा देण्यात हशील नाही, 'सकाळी आठच्या सुमारास' म्हणा.

जुनेकागद: संग्रहाच्या उत्तरार्धात १८९०च्या आसपासची पत्रे आहेत. त्यात घड्याळाचीच वेळ आहे, ती तर तशीच ठेवता येईल ना?

पळविपळ: ठेवा, पण कोणत्या घड्याळाची ते बघून. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, मद्रासची ५ तास २१ मिनिटे, आणि आगगाड्या मद्रासच्या वेळेवर चालत. म्हणजे शहरातल्या घड्याळात ९:३०, तेव्हा वेळापत्रकात १०. १ जानेवारी १९०६ पासून ५:३० ची प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटे मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. लग्नपत्रिकांत 'स्टँ. टा.' (स्टँडर्ड टाइम, म्हणजे प्रमाणवेळ) छापत ते उगीच नव्हे. दोन पत्रांत एकाच गाडीची वेळ अर्ध्या तासाने वेगळी दिसली, तर ती लेखनिकाची चूक समजून दुरुस्त करू नका.

वाटसरू: तेवढ्यात तारेचेही बघा. रूपांतरात 'तार पाठवली' असे सरसकट करू नये. १८५५ पासून तार सर्वांसाठी खुली झाली आणि मराठीत क्रियापद बदलले: पत्र *पाठवतात*, तार *करतात*. पाठवायला कोणीतरी जावे लागते. तारेत जाणारा कोणी नाही, म्हणून कृती इथल्या इथे संपते. पुढे फोन करणे, मेसेज करणे, सगळे त्याच वळणाने.

फाटा: इतके सरळ नाही. 'तार पाठवली' जुन्या लेखनातही सापडते, आणि 'तार ठोकली' तर बोलीत सर्रास. मूळ पत्रात जे असेल ते राहू द्या. फोनचे म्हणाल, तर 'करणे'च्या जोडीला 'लावणे' आणि 'लागणे' आहेत, ते जास्त बोलके. ट्रंक कॉल (परगावचा फोन) आधी नोंदवावा लागे: साधा, अर्जंट किंवा लाइटनिंग, आणि लाइटनिंगला साध्याच्या आठपट दर. नोंदवला तरी लागेल कधी ते एक्स्चेंजच्या हातात. म्हणून 'फोन केला' आणि 'फोन लागला' या दोन घटना होत्या, मध्ये कधी तासन् तास. थेट डायल आल्यावर मधला वेळ गेला, 'लागत नाही' मात्र टिकले. आता त्याचा अर्थ 'रेंज नाही'.