सोटोला ७६.५ कोटी डॉलर? हो, द्यायलाच हवे होते

एडिसनकर: काल खवट काका बेसबॉलपटू हुआन सोटोच्या न्यूयॉर्क मेट्सबरोबरच्या करारावर लिहून गेले, "सोटोला पंधरा वर्षांचे ७६.५ कोटी डॉलर म्हणजे मेट्सच्या मालकाला पैसा उतू चाललाय." झोप लागेना, म्हणून सविस्तर लिहितो. डिसेंबर २०२४ मध्ये सही झाली तेव्हा पोरगं २६ चं होतं. न्यूयॉर्कचाच दुसरा संघ यँकीजही १६ वर्षांचे ७६ कोटी मोजायला तयार होता, म्हणजे एकटे मेट्सचे मालक कोहेनच वेडे नव्हेत. २०२४ च्या मोसमात ४१ होमरन (बॉल थेट मैदानाबाहेर) आणि १२९ वॉक (चार बॉल झोनबाहेर पडले की न मारताच पहिला बेस)! झोनबाहेरच्या, म्हणजे मारायच्या टप्प्यात नसलेल्या बॉलकडे तो ढुंकून बघत नाही. पाय थकतात, नजर नाही.

खवट काका: नजर नाही? करार संपेल तेव्हा तो ४१ चा असेल. आपल्याकडे चष्म्यालाच चाळिशी म्हणतात, साहेब. फलंदाज आल्बर्ट पुहोल्स विसरलात? एंजल्स संघाने त्याला दहा वर्षांचे २४ कोटी दिले आणि दहावं वर्ष पुरं व्हायच्या आत नारळ दिला.

एडिसनकर: पुहोल्सने सही केली ३१ व्या वर्षी. तुलना तरी धड करा!

जर्सीची सून: आकडे राहू द्या. मेट्सच्या सिटी फील्ड मैदानावर चौघांची तिकिटं, पार्किंग, खाणं, खिसा रिकामा. सोटो दोनदा वॉकवर गेला. लेक विचारतो, "आई, हा खेळणार कधी?"

तिरकस: मेट्स आणि हिशेब! जुना खेळाडू बॉबी बोनियाचं ५९ लाख डॉलरचं देणं ८ टक्के व्याजाने पुढे ढकललं. २०११ ते २०३५, दर १ जुलैला जवळजवळ १२ लाख.

खवट काका: आठ टक्के! मला १९९८ मध्ये एकाने वीस वर्षांची पॉलिसी गळ्यात मारली. हातात आलं त्याचा हिशेब केला, पाच टक्केही पडत नाहीत. बोनियाचा एजंट मला का नाही भेटला?

जर्सीची सून: घेतलीतच कशाला? साधा टर्म प्लॅन, उरलेले पीपीएफमध्ये.

खवट काका: ९८ साली तुम्ही पाळण्यात होतात. अक्कल शिकवू नका.

जर्सीची सून: दहावीला होते. आणि व्याज तेव्हाही काढता यायचं!

एडिसनकर: अहो, धागा सोटोचा आहे, विम्याचा नाही!!

तिरकस: संबंध आहे. डॉजर्सच्या ओहतानीने करारातल्या ७० कोटी डॉलरपैकी ६८ कोटी बिनव्याजी मागे ठेवले, ते २०३४ पासून मिळणार. सोटोचं पुढे ढकललेलं काहीच नाही. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून बोंबलण्यात अर्थ नाही. तरी २०३९ च्या डॉलरला किंमत किती उरेल ते बघा, शेवटची वर्षं स्वस्तच पडतील.

खवट काका: स्वस्त! २०२५ मध्ये त्याने ४३ होमरन मारले, ३८ बेस चोरले (बॉल मारला जायची वाट न बघता पुढचा बेस गाठला), आणि संघ? ८३ विजय, प्लेऑफच्या म्हणजे बाद फेरीच्या बाहेर.

एडिसनकर: पिचिंग, म्हणजे गोलंदाजी, कोसळलं, तेही सोटोनेच करायचं का?

खवट काका: बरं बाबा, २६ आणि ३१ मध्ये फरक असतो, एवढं मान्य. खूश? २०३९ ला हाच धागा वर काढतो. असलो तर. तोवर दुसरी पॉलिसीही पिकलेली असेल.

जर्सीची सून: दुसरी?!