सहा वर्षांनी आयफोन सोडून सॅमसंग घेतला : बरोबर केलं की चूक?

बागवाला (निफाड)

मी द्राक्ष बागायतदार. २०१९ च्या दिवाळीत आयफोन ११ घेतला होता, तो परवापर्यंत वापरला. आता गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा घेतलाय. घरात यावरून दोन तट पडलेत. पुण्यातला भाचा तर म्हणाला, "मामा, लोक तिकडून इकडे येतात, तुम्ही उलटे निघालात." म्हणून माझी बाजू इथे मांडतो. माझ्या मते मी हा बदल दोन वर्षं उगाच लांबवला.

पहिलं कारण कॉल रेकॉर्डिंग. आमच्याकडे दर फोनवर ठरतो. व्यापारी बाग बघून जातो, संध्याकाळी फोन करतो, किलोचा आकडा सांगतो. दोन हंगामांपूर्वी एका व्यापाऱ्याने ६२ रुपये सांगितले आणि माल तोडून क्रेटमध्ये भरल्यावर ५५ वर आला. तोडलेली द्राक्षं वेलीला परत लागत नाहीत. माझ्याकडे त्याच्या शब्दाचा कसलाच पुरावा नव्हता. सॅमसंगमध्ये एकदा सेटिंग केलं की प्रत्येक कॉल आपोआप नोंदला जातो.

दुसरं, ऊन. पानावर डाउनी (बुरशीचा रोग) आहे की नुसता डाग, हे सल्लागाराला फोटो काढून लगेच पाठवावं लागतं. भर दुपारी बागेत उभं राहून स्क्रीन नीट दिसणं ही माझी रोजची गरज आहे. या फोनच्या काचेवर चकाकी फारच कमी येते.

तिसरं कारण वडिलांचं. मी फवारणीच्या ट्रॅक्टरवर असलो की माझा फोन तेच उचलतात. वय ७४. त्यांना मेनू मराठीत लागतो. अँड्रॉइडमध्ये मराठी २०१४ च्या लॉलिपॉप आवृत्तीपासून आहे. आयफोनचा मेनू मराठीत यायला आयओएस (आयफोनची सिस्टिम) १८.४, म्हणजे २०२५ उजाडलं. इतकी वर्षं आपली भाषा रांगेत मागे उभी होती, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग थांबलो का? भीतीमुळे. फोटो, व्हॉट्सॲप, फवारणीच्या नोंदी, सगळं तिकडे अडकलेलं. ही भीती जितकी होती तितकी खरी नव्हती, एवढंच मला सांगायचंय.

खडकवासला

बागवाला दादा, तुमची गरज खरी आहे, पण तुलना चुकली आहे. तुम्ही २०१९ चा फोन २०२५ च्या महागड्या फोनशेजारी ठेवताय. आयफोन ११ ला एलसीडी स्क्रीन होती, ती उन्हात फिकी पडणारच. आयफोन १७ बघितलात का? ओएलईडी, १२० हर्ट्झ, उन्हात ३००० निट्सपर्यंत उजेड, काचेवर चकाकी कमी करणारा थर, आणि २५६ जीबीची किंमत २०२५ मध्ये बाजारात आला तेव्हा ८२,९००. तुमचा अल्ट्रा बाजारात आला तेव्हा १,२९,९९९ ला होता. म्हणजे उन्हाच्या कारणासाठी तुम्ही बरेच हजार जास्त मोजलेत.

आणि रेकॉर्डिंग? आयओएस १८.१ पासून, ऑक्टोबर २०२४ पासून, आयफोनमध्ये कॉल नोंदवता येतो. तुमच्या त्या जुन्या ११ वर सुद्धा. तुम्ही अपडेट करून बघितलं होतं का?

शेवटचं आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठं. तुमच्या २०१९ च्या फोनला २०२५ मधलं आयओएस २६ मिळालं. त्याच २०१९ सालचा गॅलेक्सी एस१० अँड्रॉइड १२ वर थांबला. ज्या कंपनीने सहा वर्षं जुना फोन सांभाळून दाखवला तिला सोडून, जी 'सांभाळू' म्हणतेय तिच्याकडे तुम्ही गेलात.

बागवाला (निफाड)

स्क्रीनचं मान्य. नवा आयफोन उन्हात हातात धरून बघायला हवा होता, तो मी बघितला नाही.

रेकॉर्डिंगचं मात्र पूर्ण मान्य नाही. आयफोनवर ते दर वेळी आपण बटण दाबून सुरू करायचं असतं आणि 'हा कॉल रेकॉर्ड होत आहे' अशी सूचना दोघांनाही ऐकू जाते. माझ्या एका हातात कात्री असते, फोन खांद्याला लावून बोलतो. बटण दाबायचं राहून जातं आणि नेमका तोच कॉल दराचा निघतो.

अपडेटबद्दल : एस२४ पासून, म्हणजे २०२४ पासून, सॅमसंगने सात वर्षांची अँड्रॉइड आणि सुरक्षा अपडेट्स जाहीर केली आहेत. माझा फोन २०३२ पर्यंत चालायला हवा. हो, तो अजून शब्दच आहे. पण लेखी आहे, व्यापाऱ्याच्या शब्दासारखा हवेतला नाही.

ओसरी

मला त्या सूचनेबद्दलच बोलायचंय. समोरच्याला न सांगता त्याचं बोलणं साठवायचं, हे एवढं सहज कसं घेतो आपण? व्यापाऱ्याचं एक वेळ सोडा. पण आपोआप सगळेच कॉल नोंदायचे म्हटलं की त्यात बहिणीचा फोन येतो, शेजारणीचा येतो, मित्र कर्ज मागायला रडत फोन करतो तोही येतो. त्यांनी काय गुन्हा केलाय? ती सूचना काहींना अडचण वाटते, मला ती सभ्यता वाटते. हे एकच कारण मला आयफोनवर राहायला पुरेसं आहे.

बागवाला (निफाड)

ताई, हे मनाला लागलं. व्यापाऱ्यांना मी हंगामाच्या सुरुवातीलाच सांगतो की फोन रेकॉर्ड होतो. एक जण त्यावर बिथरला, बाकीच्यांनी 'चालेल' म्हटलं. घरच्यांचा विचार मात्र मी केला नव्हता. सेटिंगमध्ये जाऊन बघितलं, ठरावीक नंबरच आपोआप नोंदता येतात. आता फक्त व्यापाऱ्यांचे नंबर ठेवलेत. बहिणीचे जुने कॉल पुसून टाकले.

कोर्टाची पायरी (नाशिक)

वकिली करते म्हणून एक मुद्दा. रेकॉर्डिंग आहे म्हणजे पुरावा झाला असं नाही. भारतीय साक्ष अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे (जुन्या कायद्यात ६५ ब होतं) इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करताना प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ रेकॉर्डिंग ज्या फोनवर झालं तो फोन जपलेला असेल तर आमचं काम खूप सोपं होतं. व्हॉट्सॲपच्या मेसेजचंही तेच. त्यामुळे ज्यांचे व्यवहार फोनवर होतात त्यांना माझा सल्ला एवढाच : कुठलाही ब्रँड घ्या, पण जुना फोन एक्सचेंजमध्ये देण्याआधी दहा वेळा विचार करा. दुकानदार हजारो रुपये कमी करतो म्हणून आपण खूश होतो आणि पुरावा त्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवून येतो.

ओंजळ

ब्रँडच्या वादात मला पडायचं नाही, पण 'ती भीती खरी नव्हती' हे वाक्य वाचून राहवलं नाही. माझ्यासाठी ती खरी होती.

मागच्या वर्षी आयफोनवरून अँड्रॉइडवर आले. दुकानातल्या मुलाने पटापट नवा फोन सुरू करून दिला, नंबर टाकला, व्हॉट्सॲप चालू. जुना फोन तिथेच दिला. घरी येऊन बघते तर जुनं एकही संभाषण नाही. आयफोनचं व्हॉट्सॲप बॅकअप आयक्लाऊडवर (ॲपलच्या ऑनलाइन साठवणीत) ठेवतं, अँड्रॉइडचं गुगलवर, आणि एकाचा बॅकअप दुसरा उघडत नाही. संभाषणं न्यायची तर तेव्हा नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच दोन्ही फोन केबलने जोडून न्यावी लागायची. हे मला कुणी सांगितलं नाही. माझी आई २०२२ मध्ये गेली. तिचे चाळीसेक व्हॉइस मेसेज होते. "जेवलीस का गं", "पाऊस आहे का तिकडे", असेच सगळे. आयक्लाऊडचा बॅकअप मी जागा भरली म्हणून बंद केलेला होता. फुकटची जागा ५ जीबीच मिळते.

बदला जरूर. पण घाईत, दुकानाच्या काउंटरवर उभं राहून बदलू नका.

खडकवासला

ओंजळ ताई, वाचून वाईट वाटलं. मी नेमका हाच धोका म्हणतोय. एकाच कंपनीच्या घरात राहिलं की नवा फोन जुन्याशेजारी ठेवायचा आणि सगळं आपोआप येतं.

उंबरठा (ठाणे)

खडकवासला, तुमच्याच वाक्यात मला अडचण दिसते. 'आपोआप येतं' हे त्या घरातच राहण्यापुरतं. बाहेर पडायचं म्हटलं की प्रत्येक दाराला कडी. ॲपल वॉच आयफोनशिवाय चालत नाही. इकडे गॅलेक्सी वॉच ४ पासून, म्हणजे २०२१ पासून, सॅमसंगचं घड्याळही आयफोनला जोडता येत नाही. दोघंही तेच करतात. विकत घेतलेली ॲप्स इकडून तिकडे येत नाहीत. म्हणून मी म्हणेन की बागवाल्यांनी कडी उघडली हे चांगलं केलं, आणि आता त्यांनी गॅलेक्सी वॉच घेऊ नये. हातात साधं घड्याळ असू द्या. पुढच्या वेळी पुन्हा मोकळे राहाल.

मिरजकर आई

माझा मुलगा डॅलसला आहे. मी आयफोन सोडला तेव्हा त्याने आधीच बजावलं होतं : "आई, सिम काढायच्या आधी आयमेसेज बंद कर." आयमेसेज म्हणजे आयफोनची स्वतःची मेसेजची सेवा. ती बंद करायची राहिली तर आयफोनवाल्यांचे मेसेज जुन्याच पत्त्यावर जात राहतात. इथे आपण सगळे व्हॉट्सॲपवर, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांनी हे लिहून ठेवा. फेसटाइमचं (आयफोनच्या व्हिडिओ कॉलचं) म्हणाल तर मुलगा लिंक पाठवतो, मी ब्राउझरमध्ये उघडते, नातीचा चेहरा दिसतो. पण मी त्याला उठून फोन लावू शकत नाही. लिंक त्यानेच पाठवायची. ही एक गोष्ट मला खटकते आणि म्हणून मी पुन्हा आयफोनकडे जाणार आहे. उन्हाचं, रेकॉर्डिंगचं मला काही नाही. नातीला मनात येईल तेव्हा हाक मारता यावी, बस.

साधा_फोन

एवढ्या पैशात दोन चांगले फोन येतात आणि वर स्प्रे पंप. तीस हजारांचा फोन घ्यायचा, तीन वर्षांनी बदलायचा.

बागवाला (निफाड)

साधा_फोन भाऊ, तीस हजारांचा एक घेतला होता, बायकोकडे आहे, छान चालतो. पण बागेतल्या धुळीत आणि उन्हात रोज दहा तास मला तो पुरला नाही.

दुरुस्तीवाला (कोल्हापूर)

बारा वर्षं फोन उघडतोय. रोज दोन्हीकडचे टेबलावर येतात, तेवढ्यावरून सांगतो. आयफोनची बॅटरी बाहेर बदलली की सेटिंगमध्ये 'अज्ञात भाग' असा संदेश येतो. चालतं सगळं, पण गिऱ्हाईक घाबरतं आणि विकताना भाव पडतो. सॅमसंगच्या अल्ट्राची स्क्रीन फुटली तर खर्च ऐकून माणूस खाली बसतो. आता एस२४ पासून अल्ट्राची काच सपाट केली हे बरं झालं, वाकडी होती तेव्हा कडेवर पडला की संपला.

पण तालुक्याच्या माणसाने एकच बघावं : तुमच्यापासून अधिकृत सेवा केंद्र किती लांब आहे आणि तिथे फोन ठेवून घेतला तर तेवढे दिवस तुमचं काम कशावर चालेल. बागवाला, तुम्ही निफाडचे. नाशिकला जाऊन यायला अर्धा दिवस. तोडणीच्या आठवड्यात हा फोन पडला तर दुसरा तयार आहे का? जुना आयफोन कुठे आहे?

ओसरी

हो, मलाही तेच विचारायचं होतं.

खडकवासला

मी माझं मत बदललेलं नाही, पण थोडं दुरुस्त करतो. बागवाला दादांना आपोआप नोंद हवी आहे आणि ती आयफोन देत नाही, हे खरं. त्या एका कामासाठी त्यांचा निर्णय बरोबर. माझं म्हणणं उरतं ते इतरांसाठी. भाच्याने घेतला, मित्राने घेतला, जाहिरातीत चंद्राचा फोटो दिसला, म्हणून फोन फिरवणाऱ्यांनी मिरजकर आईंसारखं स्वतःचं एक कारण आधी शोधावं. ते सापडत नसेल तर आहे तिथे बॅटरी बदलून घ्यावी. आयफोन ११ ची बॅटरी बदलून अजून दोन वर्षं आरामात निघाली असती.

बागवाला (निफाड)

जुना फोन एक्सचेंजला दिला नाही. दुकानदाराने भाव सांगितला तेव्हा हो म्हणणार होतो, पण पोरगी म्हणाली, "त्यात आजोबांचे बैलगाडीवरचे फोटो आहेत", म्हणून घरी आणला. फोटो नव्या फोनमध्येही आलेत, तरी ठेवला.

वकील ताईंचं वाचून आज तो कपाटातून काढला. जुनी केबल शोधायला तासभर गेला. चार्जिंगला लावला. त्या ६२ रुपयेवाल्याशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं वर वर सरकवत गेलो. दराचा फोन येऊन गेल्यानंतर मी रात्री त्याला लिहिलं होतं, 'मग ६२ पक्के ना, सकाळी तोड लावतो'. आणि त्याने होकाराचा अंगठा पाठवलेला. दोन वर्षं मी म्हणत होतो की माझ्याकडे पुरावा नाही.

ताई, या अंगठ्याचं काही होईल का? उद्या दुपारनंतर नाशिकला येतोय, दोन्ही फोन घेऊन.