मुलाच्या सैन्यातून झालेल्या डिस्चार्जचा (सेवामुक्तीचा) शेरा बदलून मिळेल का?

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): मुलगा अमेरिकन सैन्यात होता. अफगाणिस्तानातून परतल्यावर झोप उडाली, दारू वाढली, ड्यूटी चुकली. 2013 साली ‘अदर दॅन ऑनरेबल’ (सन्मानाने नाही, अशा) शेऱ्यासह घरी आला. नोकरी मागायला गेला की तोच कागद आडवा येतो. जीव तुटतो हो माझा.

उत्तर: ताई, कोर्ट मार्शल (लष्करी कोर्टात खटला) नव्हतं ना? मग डिस्चार्जला 15 वर्षं उलटायच्या आत डीडी 293 फॉर्म, म्हणजे शेरा बदलण्याचा अर्ज, सैन्याच्या डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे पाठवा. फी नाही.

दुसरं उत्तर: मी यातून गेलोय. नुसती विनवणी पुरत नाही. पीटीएसडीचं (युद्धासारख्या आघातानंतरच्या मानसिक आजाराचं) निदान, डॉक्टरांचा अहवाल, सोबतच्या सैनिकांची पत्रं जोडा. अशा अर्जांकडे उदारपणे पाहावं, अशा सूचना 2014 आणि 2017 मध्ये बोर्डांना दिल्या आहेत.

प्रश्नकर्ती: कोर्ट मार्शल नव्हतं. त्याच्या तुकडीतल्या मित्राला आजच फोन लावते.